बिवा सरोवर आणि पाचवीची मुले

जपान देशाच्या साधारण मध्यभागी शिगा नावाचा एक प्रांत आहे. प्राचीन राजधानी क्योतोच्या पूर्वेस, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला हा प्रदेश पूर्वी ओमी या नावाने ओळखला जाई. या प्रांताच्या पोटात बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर, म्हणजे प्रांताच्या एकूण भूमीच्या एक षष्ठांश. सर्वांत खोल जागी ते सुमारे १०४ मीटर खोल आहे. बिवा नावाच्या तंतुवाद्यासारखा आकार, म्हणून हे नाव पडले असे मानतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्याचा उगम सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. शेकडो ओढे आणि नद्या त्याला येऊन मिळतात. बाहेर पडणारी नैसर्गिक नदी मात्र एकच, सेता. तीच पुढे उजी आणि योदो अशी नावे घेत ओसाकाच्या उपसागराला मिळते. शिवाय डोंगर पोखरून काढलेल्या कालव्याने १८९० पासून हे पाणी क्योतो नगरीतही जाते. आज चार प्रांतांतील सुमारे १ कोटी ४० लाख लोकांची तहान या एका सरोवरावर भागते.

एवढ्या विशाल जलाशयाच्या रक्षणाचे काम सरकारचे, अभियंत्यांचे, फार तर कायदेपंडितांचे, असे कोणालाही वाटेल. शिगाच्या लोकांनी त्यात दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सामील करून घेतले, आणि तेही एखाद्या समारंभापुरते नव्हे. हे कसे घडले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

कावडीवरचे कापड

ओमी प्रांताची जुनी कीर्ती सरोवरापेक्षा व्यापाऱ्यांसाठी अधिक होती. हाचिमान, हिनो, गोकाशो या गावांतले व्यापारी खांद्यावर कावड घेत, तिच्या दोन टोकांना मालाचे गाठोडे बांधत आणि शेकडो कोस पायी हिंडत. त्या गाठोड्यांत तागासारख्या धाग्याचे कापड असे, मच्छरदाण्या असत, औषधे असत. सरोवराच्या काठच्या दमट हवेत हा धागा तुटत नाही, म्हणून विणकामाला ती जागा उत्तम. उत्तरेच्या नागाहामा गावचे रेशमी क्रेप आणि पश्चिमेच्या ताकाशिमाचे चुणीदार सुती कापड आजही नावाजलेले आहे. १८५८ साली चुबेई इतो नावाचा या प्रांतातला एक किशोरवयीन मुलगा असेच कापड घेऊन फेरीवर निघाला. इतोचू आणि मारुबेनी या जपानच्या दोन बलाढ्य व्यापारी कंपन्यांचा आरंभ त्या फेरीपासून मोजतात.

ओमीच्या व्यापाऱ्यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे : विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि समाजाचे भले. हे सुटसुटीत वचन नंतरच्या काळात रचले गेले. परंतु त्यामागचा विचार गोकाशोच्या एका व्यापाऱ्याने १७५४ साली वारसासाठी लिहून ठेवलेल्या उपदेशपत्रात स्पष्ट आढळतो. परमुलखात माल विकायला जाल तेव्हा स्वतःचा लाभ पाहण्याआधी तिथल्या लोकांचे हित पाहा, असा त्याचा आशय आहे. पुढच्या हकिकतीत या तिसऱ्या भल्याची, समाजाच्या भल्याची, बऱ्यापैकी परीक्षा झाली. ती परीक्षा दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या एका मालामुळेच झाली, म्हणून हा प्रस्ताव.

जवळचे पाणी आणि दूरचे पाणी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरोवराकाठच्या गावांत घराशेजारून वाहणारे पाणीच पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी होते. ते कसे वापरावे याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. तान्ह्या मुलांचे लंगोट ओढ्यात धुवायचे नाहीत. ते वेगळ्या घंगाळात धुवायचे आणि ते पाणी शेतात टाकायचे. मैलासुद्धा पाण्यात जाऊ द्यायचा नाही, ते शेताचे खत. खालच्या अंगाला राहणारा शेजारी हेच पाणी पिणार आहे, ही जाणीव प्रत्येक कृतीत असे.

ताकाशिमा भागातील हारिए या गावी ही रीत आजही पाहता येते. तेथे अनेक घरांतून जिवंत झऱ्याचे पाणी वर येते. पहिल्या हौदातले पाणी पिण्यासाठी, दुसऱ्यात भाज्या धुवायच्या, आणि तिसऱ्या मोठ्या हौदात खरकटी भांडी बुडवायची. त्या हौदात मासे पाळलेले असतात. भांड्यांना चिकटलेली भाताची शिते ते खाऊन टाकतात. तेथून निवळलेले पाणी गावच्या पाटात जाते आणि शेवटी सरोवरात. या व्यवस्थेला तेथे ‘काबाता’ म्हणतात. आपल्याकडे पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यात उरलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडण्याची जी रीत घराघरांतून पाळली जाई, तिची आठवण यावी अशीच ही पद्धत आहे. कारणे निराळी असतील, पण पाण्याकडे पाहण्याची दृष्टी जवळची आहे.

१९६० नंतर नळ आले. नळाबरोबर सोय आली, आरोग्य आले, यात शंका नाही. पण घरातले पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहण्याची गरज संपली. युकिको कादा या समाजशास्त्रज्ञ विदुषीने सरोवराकाठच्या गावांत अनेक वर्षे हिंडून याचा अभ्यास केला आणि त्याला दोन सोपी नावे दिली : ‘जवळचे पाणी’ आणि ‘दूरचे पाणी’. जवळचे पाणी माणूस जपतो. दूरचे पाणी तो फक्त वापरतो आणि त्याचे बिल भरतो.

याच काळात नवा द्रुतगती महामार्ग प्रांतातून गेला आणि त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले. भातशेतीत रासायनिक खत आले. सरोवराला लागून असलेली अनेक लहान तळी, ज्यांत मासे अंडी घालीत आणि गाळ बसत असे, ती भरून शेते करण्यात आली होती. आणि घरोघरी कपडे धुण्याची यंत्रे व त्यांच्यासाठी कृत्रिम पावडर आली.

धुण्याच्या पावडरीचे प्रकरण

या पावडरीत फॉस्फेट असे. पाण्यातला जडपणा कमी व्हावा आणि मळ चांगला निघावा, हा त्याचा उपयोग. परंतु फॉस्फरस हे वनस्पतींचे खत आहे. शेतात टाकले तर पीक वाढते, सरोवरात गेले तर शेवाळ वाढते. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा त्या वेळी प्रांतात जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे घरचे मोरीचे पाणी ओढ्यावाटे थेट सरोवराला जाऊन मिळे.

आरंभ सरोवराच्या काळजीने झाला नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. १९७० च्या सुमारास काही गृहिणींच्या ध्यानात आले की नव्या पावडरीने हात फुटतात, बाळांच्या अंगावर पुरळ उठते. त्यांनी जुन्या साबणाकडे परतायचे ठरवले. पुढे १९७७ च्या मे महिन्यात सरोवराचे पाणी मोठ्या भागात तांबूस तपकिरी झाले आणि त्याला मासळीसारखी दुर्गंधी सुटली. एका सूक्ष्म शेवाळवर्गीय जीवाची अतोनात वाढ झाली होती. समुद्रात अशी लाल लाट येते हे लोकांना ठाऊक होते. गोड्या पाण्यात ती इतक्या मोठ्या प्रमाणावर यावी, हा धक्का होता. नळाच्या पाण्यालाही वास येऊ लागला. दूरचे पाणी एकाएकी पुन्हा जवळ आले, पण अशा रीतीने.

महिला मंडळे, ग्राहक संघटना, कामगार संघटना, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था असे सारे १९७८ साली एकत्र आले आणि साबणचुरा वापरण्याची प्रांतव्यापी चळवळ उभी राहिली. घरोघरचे तळून उरलेले तेल गोळा करून त्याचा साबण बनवला जाऊ लागला. साबणचुरा पाण्यात लवकर विरघळत नाही, कपड्यांवर पांढरे डाग राहतात, अशा तक्रारी होत्याच. त्यासाठी तो आधी कोमट पाण्यात कसा कालवावा याची प्रात्यक्षिके गल्लीगल्लीत झाली. थोड्याच काळात प्रांतातील साबण वापरणाऱ्या घरांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचले.

त्या वेळी प्रांताचे गव्हर्नर मासायोशी ताकेमुरा होते. पुढे ते जपानचे अर्थमंत्री झाले. लोकमताच्या बळावर १९७९ च्या ऑक्टोबरात प्रांतिक विधिमंडळाने सरोवराविषयीचा कायदा संमत केला आणि तो १ जुलै १९८० पासून अमलात आला. कारखान्यांच्या सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर मर्यादा आली. फॉस्फेटयुक्त पावडर प्रांतात वापरायची नाही, विकायची नाही, आणि भेटही द्यायची नाही, असा निर्बंध आला. भेटीचा उल्लेख आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु जपानमध्ये उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस आप्तांना, वरिष्ठांना भेटवस्तूंची पेटी पाठवण्याची प्रथा आहे आणि त्यांत धुण्याच्या पावडरीची पेटी फार लोकप्रिय होती. उत्पादकांच्या संघटनेने या कायद्याला कडाडून विरोध केला. एका प्रांतात बंदी आली तर उद्या सर्व देशात येईल, ही त्यांची भीती व्यापारी दृष्टीने समजण्यासारखी आहे.

पुढे जे झाले ते अधिक बोधक आहे. कारखानदारांनी थोड्याच अवधीत फॉस्फेटविरहित पावडर बाजारात आणली. कायद्याचा हेतू त्याने साधला. पण लोक हळूहळू सोयीच्या पावडरीकडे परतले आणि साबणाचा वापर ओसरत गेला. चळवळ जिंकली आणि विरली. बाजारातल्या मालात बदल झाला, तेव्हा घरातली सवय बदलण्याची निकड उरली नाही. १९८३ साली सरोवराच्या उथळ दक्षिण भागात हिरव्या-निळ्या शेवाळाची साय प्रथमच दिसली. म्हणजे दुखणे गेलेले नव्हते.

तरंगती शाळा

नेमक्या त्याच १९८३ साली शिगा प्रांताने एक जहाज पाण्यात उतरवले. त्याचे नाव ‘उमिनोको’. ‘उमि’ म्हणजे समुद्र आणि ‘को’ म्हणजे मूल. सरोवरालाच समुद्र मानणाऱ्या प्रदेशाला शोभणारे नाव. हे जहाज प्रवाशांसाठी नव्हते, सहलींसाठी नव्हते. ती प्रांताच्या मालकीची शाळाच होती, आणि तिचा विद्यार्थी ठरलेला होता : प्रांतातील प्रत्येक प्राथमिक शाळेतील पाचव्या इयत्तेचे प्रत्येक मूल.

या ‘प्रत्येक’ शब्दातच या योजनेचे सारे मर्म आहे. निबंधस्पर्धेत पहिले आलेले नव्हे, विज्ञान मंडळाचे सभासद नव्हे, शुल्क भरू शकणारे नव्हे. सरोवराकाठच्या कोळ्याचे मूल आणि डोंगरातल्या वस्तीवरचे, सरोवर क्वचितच पाहिलेले मूल, दोघेही. दोन दिवस आणि एक रात्र अशी ती सफर ठरवण्यात आली. वेगवेगळ्या शाळांची मुले मुद्दाम एकत्र घेतली जात, जेणेकरून वरच्या अंगाच्या गावातील मुलाची खालच्या अंगाच्या गावातील मुलाशी ओळख व्हावी.

जहाजावर काय होते? मुले सरोवराच्या वेगवेगळ्या ठिकाणचे पाणी काढतात. पाणी किती पारदर्शक आहे ते मोजण्याची युक्ती अगदी साधी आहे : दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईल तिथे दोरीची लांबी मोजायची. शंभर वर्षांहून जुनी ही रीत जगभर वापरली जाते. तिला वीज लागत नाही, रसायन लागत नाही. खोल उत्तर भागात तबकडी बराच वेळ दिसत राहते, दाट वस्तीच्या उथळ दक्षिण भागात ती लवकर नाहीशी होते. दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले गेले की कोणी व्याख्यान देण्याची आवश्यकता राहत नाही. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा एक थेंब ठेवतात. त्यात हलणारे, फिरणारे, चांदणीसारखे, होडीसारखे असंख्य जीव मुले पाहतात आणि वहीत त्यांची चित्रे काढतात. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात हे आपल्या घरात आजीकडून ऐकलेले असते. तेथे ते डोळ्यांना दाखवतात.

उरलेल्या वेळात मुले वल्ही मारतात, दोरखंडाच्या गाठी शिकतात, डेक पुसतात. जपानी शाळेत वर्ग झाडणे-पुसणे हे मुलांचेच काम असते, त्यामुळे यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

एका रात्रीच्या सफरीने असा काय फरक पडणार, असा प्रश्न हिशेबी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. एका वर्षाचा हिशेब मांडला तर फारसा काही दिसणार नाही. परंतु ही सफर एका वर्षाची नव्हती. गव्हर्नर बदलले, पक्ष बदलले, जपानची अर्थव्यवस्था तेजीतून मंदीत गेली, तरी जहाजाचा खर्च प्रांताच्या अंदाजपत्रकात राहिला. पस्तीस वर्षांत पाच लाखांहून अधिक मुले त्यावरून जाऊन आली. शिगाची एकूण लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. १९८३ साली जी मुले पहिल्यांदा त्यावर चढली ती आता पन्नाशीत आहेत. त्यांतले कोणी शेतकरी, कोणी कारखान्यात, कोणी नगरपालिकेत. त्यांची मुलेही त्याच जहाजावर गेली. २०१८ साली जुने जहाज निवृत्त झाले आणि विजेच्या मोटरवर चालणारे त्याच नावाचे नवे जहाज त्याच्या जागी आले.

काजवे, देवनळ आणि मोहरीची फुले

जहाज हा सर्वांत ठळक उपक्रम, पण एकटा नव्हे. १९८९ पासून दहा वर्षे प्रांतातील नागरिकांनी काजव्यांची गणती केली. ‘गेंजी’ जातीच्या काजव्याची अळी पाण्यात राहते आणि एका विशिष्ट गोगलगायीवर जगते. ओढ्याला सिमेंटचा तळ केला की गोगलगाय जाते, ती गेली की काजवा जातो. रात्री घराजवळच्या ओढ्यापाशी उभे राहून दिवे मोजायला पदवी लागत नाही. आजोबा आणि नातू दोघे मिळून ते करू शकतात, आणि अनेकांनी तसेच केले. उपरोक्त कादाबाई या उपक्रमाच्या प्रेरकांपैकी होत्या.

त्यांनीच सहकाऱ्यांसह आणखी एक पाहणी केली. मुले, आईवडील आणि आजी-आजोबा या तीन पिढ्यांना एकच विचारले : लहानपणी पाण्यात कुठे आणि काय खेळलात? २००० साली या पाहणीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजोबांच्या पिढीने ओढ्यात, भातखाचरात, सरोवरात दिवसचे दिवस घालवले होते. नातवांच्या पिढीचे पाण्याशी असलेले नाते कितीतरी आटले होते. इतिहासाची साधने फक्त ताम्रपटांत आणि दप्तरांत असतात असे मानणाऱ्यांनी ही पाहणी अवश्य ध्यानात घ्यावी; येथे आजीच्या आठवणी हाच पुरावा होता आणि तो गोळा करण्यात घरातली मुलेही भागीदार होती. याच विदुषी २००६ साली प्रांताच्या गव्हर्नरपदी निवडून आल्या आणि २०१४ पर्यंत त्या पदावर होत्या.

सरोवराच्या काठाने देवनळाची दाट बेटे असत. त्यांच्या मुळांशी गाळ बसतो, पाखरे घरटी करतात, मासे अंडी घालतात. काठ बांधून काढण्याच्या कामांत ती बरीच नष्ट झाली. १९९२ साली देवनळाच्या रक्षणाचा वेगळा प्रांतिक कायदा झाला. देवनळ हिवाळ्यात कापावा लागतो, नाहीतर तो पाण्यातच कुजतो आणि त्यातले खत पुन्हा पाण्यात उतरते. ही लावणी आणि कापणी करण्यात शाळांची मुले असतात. कापलेल्या देवनळापासून कागदही करतात, आणि काही शाळांत मुलांना मिळणारे उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र याच कागदावर छापलेले असते.

आणि साबणाच्या चळवळीतल्या महिलांचे काय झाले? त्यांच्यापाशी तळणीचे तेल गोळा करण्याची व्यवस्था होती, पण साबणाला मागणी उरली नव्हती. १९९८ साली आइतो या गावाने त्यातून नवी वाट काढली. पडीक भातशेतात मोहरीच्या जातीचे पीक घ्यायचे, त्याचे तेल काढायचे, ते तेल घरात आणि शाळेच्या भोजनगृहात वापरायचे, उरलेले तेल पुन्हा गोळा करून त्याचा साबण आणि इंजिनाचे इंधन करायचे. सरोवरात जाऊ शकणारे तेल असे गावातच फिरत राहते. पेंड जनावरांना आणि शेताला. ही कल्पना पुढे जपानभर पसरली. मुले बी पेरायला आणि फुले पाहायला येतात, आणि त्याच पिकाचे तेल आपल्या ताटात येते हेही त्यांना कळते.

जमा आणि नावे

एवढ्या खटाटोपाने सरोवर वाचले का, याचे उत्तर ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पाहूनच द्यावे लागते. जमेच्या बाजूला हे आहे की १९७७ नंतर बहुतेक वर्षी येणारी लाल लाट विरळ होत गेली आणि २००९ नंतर ती दिसलेली नाही. सांडपाण्याची यंत्रणा, जी एके काळी जवळजवळ नव्हती, ती आता प्रांतातील सुमारे नव्वद टक्के लोकांपर्यंत पोचली आहे. १९९३ साली सरोवराची नोंद रामसर कराराखालील महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत झाली. १ जुलै हा ‘बिवा दिन’ मानला जातो आणि त्या सुमारास गावोगावचे लोक सरोवराचा काठ झाडून काढतात.

नावेच्या बाजूलाही कमी नाही. पाणी स्वच्छ झाले, पण त्यातले मूळचे मासे झपाट्याने घटले. १९९४ साली मोठा दुष्काळ पडून सरोवराची पातळी नेहमीपेक्षा सव्वा मीटरच्या आसपास खाली गेली. दक्षिण भागात तळापर्यंत ऊन पोचले आणि नंतरच्या वर्षांत पाणवनस्पती अतोनात वाढल्या. सर्वांत गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही. दर हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली उतरते आणि तळाला प्राणवायू पोचवते. तेथील लोक याला सरोवराचा दीर्घ श्वास म्हणतात. २०१९ आणि २०२० च्या लागोपाठच्या दोन उबदार हिवाळ्यांत उत्तरेच्या खोल भागात हा श्वास पुरता घेतला गेला नाही. अशी नोंद पूर्वी कधी झालेली नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा घेतला गेला तेव्हा प्रांताने सुटकेचा निःश्वास टाकला. या दुखण्याचे कारण प्रांतातल्या कोणत्याही घराच्या मोरीत नाही. जगाचे हवामानच तापते आहे. पाचवीच्या मुलांनी कितीही काळजी घेतली तरी हा प्रश्न एकट्या शिगाला सुटणारा नाही. पण पाणी खालीवर झाले की नाही ही बातमी तेथील सामान्य माणूस वर्तमानपत्रात उत्सुकतेने वाचतो, ही गोष्ट लहान नव्हे.

ओत्सूपासून मूडबिद्रीपर्यंत

१९८४ च्या ऑगस्टमध्ये शिगा प्रांताची राजधानी ओत्सू येथे जगातील सरोवरांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शास्त्रज्ञ, राज्यकर्ते आणि सामान्य नागरिक यांनी एका सभागृहात बसावे, असा तिचा आग्रह होता. त्यातूनच १९८६ साली सरोवरांसाठी काम करणारी कायमची आंतरराष्ट्रीय समिती शिगात स्थापन झाली आणि परिषदेची परंपरा देशोदेशी सुरू राहिली. २७ ऑगस्ट हा जागतिक सरोवर दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केला, तो त्याच ओत्सूच्या परिषदेची आठवण म्हणून.

ही बारावी परिषद २००७ साली आपल्या देशात, जयपूरला भरली होती. त्याआधीच भोपाळच्या तलावाच्या पुनरुद्धारासाठी जपानने कर्ज दिले होते. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात बांधलेल्या त्या तलावाचे काम १९९५ पासून जवळजवळ दहा वर्षे चालले आणि गाळ काढण्यापासून सांडपाणी वळवण्यापर्यंत बरेच काही त्यात झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनीही सरोवरांविषयी दर दोन वर्षांनी परिषद भरवण्याचा परिपाठ ठेवला आहे आणि तिच्यात शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आवर्जून बोलावले जाते. १४३० साली उभारलेल्या हजार खांबांच्या बसदीमुळे आपल्या समाजाला परिचित असलेल्या मूडबिद्री येथे २०१६ च्या डिसेंबरअखेर ही परिषद तेथील शिक्षणसंस्थेत झाली. प्राध्यापकांच्या व्याख्यानांबरोबर तेथे विद्यार्थ्यांचेही निबंध वाचले गेले, आपापल्या गावच्या तळ्याचे, ओढ्याचे पाणी स्वतः तपासून लिहिलेले.